भिंतीपलीकडचं पाणी

ही गोष्ट २००५ सालच्या नोव्हेंबरमधली. नऊ तारखेला विनी गेली आणि एकवीसला तिचं दफन झालं. मधल्या बारा दिवसांत माझ्या घरात जे घडलं ते मी त्या वेळी माझ्या मुलाला, सतीशलाही पुरतं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो मला आधी डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत फोल्सहिल रोडच्या आतल्या एका गल्लीत राहायचो. एकाला एक चिकटलेली लाल विटांची घरं, दोन घरांत मिळून एकच भिंत. १९७१ साली ह्यांनी, म्हणजे जयंतरावांनी, ते घर घेतलं तेव्हा शेजारी विनिफ्रेड तिच्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होती. हे मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, ती हॉस्पिटलात नर्स. तिने लग्न केलेलं नव्हतं. जेमतेम पाच फूट उंची, बोलणं मोजकं, अंगाला लव्हेंडरच्या साबणाचा वास. कोळशाची शेगडी रात्रभर कशी धुमसत ठेवायची ते तिने मला शिकवलं, आणि फोडणीच्या वासाची सवय मी तिला लावली. महिन्याभरात ती मला मधू म्हणायला लागली आणि मी तिला विनी.

त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. माडीवरच्या मागच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात मी देव मांडले होते. भिंतीपलीकडे विनीची बाथरूम. पहाटे तिने नळ सोडला की पाइप एकदा ठोका द्यायचा आणि माझ्या ताम्हनातली पळी किणकिणायची. दिवसातून चारपाच वेळा हे व्हायचं. १९७६ मध्ये सासूबाई पुण्याहून सहा महिने राहायला आल्या होत्या. त्यांनी चार दिवस कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "ही मड्डम सोवळ्यातली दिसते. तुझ्यापेक्षा बरी." मीही तेच धरून चालले. पहाटे उठून हातपाय धुणारी बाई म्हणजे आपल्यातलीच, एवढी आमची समज.

खरं कळायला तेहेतीस वर्षं लागली. २००४ च्या दिवाळीत मी दुपारी तिला फराळाचं ताट द्यायला गेले. एरवी ती दारातच उभ्याउभ्या एक चकली मोडायची. त्या दिवशी तिने ताट घेतलं, त्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि अंधार पडल्यावर खाईन म्हणाली. मी अगदी सहज विचारलं, आज तुझी संकष्टी आहे का, चंद्र बघून सोडणार का? विनी इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मग तिने मला आत घेतलं, दार लावलं आणि चहा फक्त माझ्यापुरता केला. तो रमजानचा महिना होता.

१९६१ साली ती छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात होती. पाकिस्तानातल्या मीरपूरकडचा एक मजूर तिथे तीन महिने पडून होता. आडवं झालं की त्याचा श्वास अडकायचा, म्हणून तो बसूनच असायचा आणि तिच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलायचा. त्याच्याकडे सांगायला एकच विषय होता, त्याच्या धर्माची अगदी पहिली माणसं. त्यांतला एक गुलाम होता. मालकाने त्याला तापलेल्या वाळूत निजवून छातीवर धोंडा ठेवला. हा धर्म सोड म्हणाले तर तो एवढंच म्हणत राहिला, एक, एक. एकच देव आहे, या अर्थाने. छातीवरचं ओझं म्हणजे काय हे त्या मजुराला चांगलंच माहीत होतं, आणि ते विनी रोज डोळ्यांनी बघत होती. मार्चमध्ये तो गेला. पुढच्या शुक्रवारी विनी त्याच्या सोबत्यांच्या घरी गेली. एका खोलीत सातआठ जण नमाजाला जमत. तिथे दोन साक्षीदारांसमोर तिने कलमा म्हटला, मुसलमान झाली आणि संध्याकाळच्या ड्यूटीला परत आली.

आणि मग त्रेचाळीस वर्षं गप्प बसली. आधी आईच्या धास्तीने, मग मेट्रनच्या, आणि शेवटी सवयीने. त्या दोन साक्षीदारांपैकी एक मायदेशी परतला, दुसरा वारला. शहरात मशिदी उभ्या राहिल्या, तिच्या डोळ्यांदेखत. ती बाहेरून बघून पुढे जायची.

मी विचारलं, एवढं एकटीने कसं निभावलंस? तेव्हा तिने मला त्या सगळ्यांच्या आधीच्या बाईची, पैगंबरांच्या बायकोची, गोष्ट सांगितली. नवरा डोंगरावरून थरथरत घरी आला. जे ऐकलं ते देवाचं की आपल्यालाच भ्रम झाला, हे त्याचं त्याला कळेना. बायकोने त्याच्यावर पांघरूण घातलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझा विश्वास आहे. "त्या घडीला तिच्या मागे कुणी नव्हतं, मधू," विनी म्हणाली. "मशीद नाही, ग्रंथ नाही, दुसरं माणूस नाही. गर्दी झाल्यावर कुणीही येतं. पहिल्यांना वळून बघायला मागे कुणी नसतं. मी या गल्लीतली पहिली. अजून तरी शेवटचीही."

मी उठताना मात्र तिने मला चिडवलंच. माझ्या स्वयंपाकघरात पुण्याहून आलेलं कॅलेंडर असायचं आणि त्यातल्या चंद्रोदयाच्या वेळेला मी संकष्टी सोडायचे. वेळ छापलेली असायची मुंबईची. तिला हे ठाऊक होतं. म्हणाली, "तुझा चंद्र मुंबईत उगवतो आणि तू जेवतेस कॉव्हेंट्रीत. माझा सूर्य निदान इथला आहे."

२००५ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये जे बॉम्बस्फोट झाले त्यानंतर आमच्या बसमध्येही माणसं एकमेकांच्या पिशव्या निरखत बसायची. त्याच महिन्यात विनीने मला एक बंद पाकीट आणून दिलं. तिची इच्छा त्यात लिहून ठेवली होती. आपल्याला जाळू नये, मुसलमानाला पुरतात तसं पुरावं. भाच्याला सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण जीभ उचलली नाही म्हणाली. "मी गेल्यावर हे मशिदीत दे. मी होते, एवढं कुणीतरी सांगायला हवं." मी हो म्हटलं. पाकीट देवांच्या कपाटात, पोथीखाली ठेवलं. त्याहून सुरक्षित जागा मला माहीत नव्हती.

नऊ नोव्हेंबरला ती बसस्टॉपवर पडली आणि हॉस्पिटलात पोचण्याआधीच गेली. भाचा, कीथ नावाचा, नॅनीटनहून आला. पन्नाशीचा, अवघडलेला, भला माणूस. त्याने घर बंद केलं, गॅस, वीज आणि पाणी तोडलं, आणि मला सांगून गेला की क्रिमेटोरियममध्ये तारीख मिळाली आहे, मंगळवार बावीस, साडेअकरा.

मला तेव्हाच पाकीट काढून द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. सतीशला फोन केला. तो वॉटफर्डला राहतो, तिथूनच लंडनला बँकेत कामाला जायचा. तो म्हणाला, "आई, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ह्ड, प्लीज. आत्ताचे दिवस बघतेस ना? तुझी नाव कशाला त्याच्यात? उद्या पोलीस दारात आले तर मी इथून काय करू?" नाव त्याला कधीच नपुंसकलिंगी म्हणता आलं नाही. त्याची काळजी मात्र खरी होती, आणि मला ती सोयीची वाटली. शिवाय माझ्या मनात वेगळंच होतं. ह्यांना १९९८ मध्ये त्याच क्रिमेटोरियममध्ये निरोप दिला होता. मला वाटलं, अग्नी मिळतोय, त्यात वाईट ते काय? मातीत कुजण्यापेक्षा बरंच. विनीला मी आतून आपल्यातलीच समजत होते, सासूबाई समजायच्या तशी.

शुक्रवारी, अकरा तारखेला, पहाटे पळी किणकिणली.

मी अंथरुणात उठून बसले. पाइपचा ठोका, एकच. मग भिंतीतून पाण्याची बारीक सरसर, मिनिटभर, आणि शांत. मला वाटलं, कीथ आला असेल. खिडकीतून पाहिलं. गाडी नव्हती, आणि पलीकडच्या पायरीवर दोन दिवसांचं टपाल तसंच पडलं होतं. बारा वाजायला दहा कमी असताना पुन्हा ठोका. दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा. चारच्या आसपास, दिवे लागायच्या वेळी, पुन्हा. संध्याकाळी सात वीसला शेवटचा. दर वेळी पळी तांब्याच्या ताम्हनात थरथरायची आणि आचमनाच्या पाण्यावर वर्तुळं उमटायची.

सतीश म्हणाला, पाइप लीक असेल, प्लंबर बोलव, आणि त्याला दाखवायला वेळा लिहून ठेव. मी कॅलेंडरवर लिहायला लागले. त्या चौकोनांत मी जन्मभर दुधाचे खाडेच मांडत आले होते. आता तिथे ठोके मांडले. तीनचार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. पहाटेचा ठोका रोज मिनिट-दीड मिनिटाने उशिरा पडत होता आणि दिवेलागणीचा तितकाच लवकर. शनिवारी चार वाजून चार मिनिटं. रविवारी चार तीन. सोमवारी चार एक. पाइप गळत असेल तर तो दिवस लहान होत चालल्याचं कशाला बघेल?

बुधवारी प्लंबर आला, पोलिश, तरुण. कीथने माझ्याकडे किल्ली ठेवली होती, ती घेऊन आम्ही आत गेलो. घर बर्फासारखं गार. मुख्य नळ बंद होता. त्याने बाथरूममधले दोन्ही नळ फिरवून दाखवले, थेंब आला नाही. बेसिन कोरडं, टॉवेल कोरडा. फक्त जमिनीवरची चटई बेसिनपुढे पावलांएवढी ओली होती, दोन ठिकाणी. त्याने वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पैसे न घेताच गेला.

त्या दिवसापासून मी देवांपुढे बसायला घाबरू लागले. हात जोडले की वाटायचं, भिंतीपलीकडे याच वेळी कुणीतरी उभं आहे, आणि तिला माहीत आहे की पाकीट इथे, हातभर अंतरावर आहे. मला कुणी छळत नव्हतं. दारं आपटत नव्हती, सावल्या नव्हत्या. ती फक्त तिचं नेहमीचं करत होती. त्यानेच अंगावर काटा यायचा. एक ठोका. मग थांबून आणखी एक. एक, एक.

शनिवारी एकोणीसला संकष्टी होती. दिवसभर उपास. कॅलेंडरवर चंद्रोदय आठ एक्केचाळीस. सव्वासात झाल्यावर मला आठवलं, दोरीवर पातळ वाळत घातलंय, म्हणून मागच्या अंगणात गेले. पातळ काढत असताना आतून, उघड्या दारातून, ठोका ऐकू आला. मी मान वर केली.

मागच्या गल्लीतल्या छपरांवर चंद्र आलेला होता. मोठा, पिवळट, केव्हाचा उगवलेला. त्याचा उजेड सरळ विनीच्या बाथरूमच्या काचेवर पडला होता, आणि काच आतून धुकटली होती. गरम पाण्याची वाफ बसावी तशी. वीज नसलेल्या, पाणी तोडलेल्या घरात. मी बघत असताना एक थेंब वरून निघाला आणि सावकाश खालपर्यंत ओघळत गेला.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. भीती वाटायची ती वाटून गेली आणि मग लाज वाटली. चौतीस वर्षं मी घड्याळ लावून जेवत होते, पण मान वर करून इथला चंद्र बघितला नव्हता. आणि विनीलाही तशीच, न बघता, माझ्या पद्धतीने जाळायला निघाले होते. तिने मला एकच काम सांगितलं होतं. तिच्या मागे उभं राहायला दुसरं माणूस नव्हतं.

आत येऊन मी गणपतीला नैवेद्य दाखवला आणि साडेसातला जेवले. पहिल्यांदाच कॅलेंडरच्या आधी.

रविवारी सकाळी पाकीट घेऊन मशिदीत गेले. बायकांनी कुठून जायचं हे माहीत नव्हतं, म्हणून चपला हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिले. दफनाचं काम बघणारे याकूबभाई, मूळचे भरूचचे, बाहेर आले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले की कायद्याने देह भाच्याचा, तो हो म्हणाला तरच काही करता येईल. मी कीथला फोन करून दुपारी माझ्या घरी बोलावलं.

तो आला, याकूबभाई आले. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. कीथने पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. सगळं ठरलंय म्हणाला, माणसांना कळवून झालंय. ती गोंधळलेली असेल, कुणीतरी तिला भरीस घातलं असेल. हे म्हणताना त्याने याकूबभाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मला कळलं की आता बोलायचं ते मीच.

मी त्याला वॉर्डातल्या माणसाबद्दल सांगितलं. चौतीस वर्षांच्या पहाटा सांगितल्या, ज्या मी भिंतीतून ऐकल्या होत्या. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला की लहानपणी सुटीत तिच्याकडे आला असताना त्याने तिला बेसिनमध्ये पाय धुताना पाहिलं होतं. थंडीने बोटं सुजतात म्हणून धुते, असं तिने सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं. "तुम्हाला सांगितलं, आणि मला नाही."

"तुम्ही तिचे होतात म्हणून," मी म्हटलं. "परक्याला सांगितलं तर काही मोडत नाही."

त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग याकूबभाईंना विचारलं की उद्या जमेल का.

याकूबभाई फोन करायला उठले आणि फ्रिजशेजारी थबकले. तिथे माझं कॅलेंडर होतं. चष्मा वर करून ते चौकोन न चौकोन वाचत गेले. "बेन," ते हळूच म्हणाले, "ये टाइम आपको किसने दिया? हमारे टाइमटेबल से हर नमाज़ का दस मिनट पहले का है. ये तो वुज़ू का टाइम है."

वुज़ू म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं. मी म्हटलं, पाइप वाजतो, त्याच्या वेळा आहेत. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि फोन लावला. जाताना भिंतीकडे वळून सलाम केला.

सोमवारी विनीला मशिदीतल्या बायकांनी न्हाऊ घातलं. मलाही बोलावलं होतं. मी दारापाशी उभी राहिले. पाणी हातांपासून सुरू झालं, मग तोंड, मग पाय. तो क्रम मला आवाजाने पाठ होता. दुपारी रिमझिमीत तिला उजव्या कुशीवर मातीत ठेवलं. ओळखीची माणसं दोन, कीथ आणि मी. बाकी चाळीसएक पुरुष, ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, रांगा करून उभे होते. त्या एकटीच्या मागे चाळीस जण. त्या संध्याकाळी चारला मी ताम्हनापुढे बसून राहिले. पळी हलली नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. कीथने वसंतात घर विकलं. तो मुसलमान झाला नाही, पण दर नोव्हेंबरात कबरीवर यायचा आणि मला चहाला न्यायचा. २०१६ साली तो गेला. याकूबभाईंनी त्या कॅलेंडरचं पान माझ्याकडून मागून घेतलं आणि २०१२ मध्ये वारेपर्यंत कुणाला दाखवलं नाही, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. तो पोलिश प्लंबर रस्त्यात दिसला की पलीकडून जायचा. पुढे तो मायदेशी परतला. विनीचं घर अंशुमन आणि अक्षया नावाच्या नागपूरच्या जोडप्याने घेतलं. बाथरूम नवी करताना त्यांनी ती भिंत उकरली. अक्षया मुद्दाम मला बोलवायला आली. आत पाइपच नव्हता. विनीने १९८३ साली नळ पलीकडच्या भिंतीवर घेतले होते. त्याची पावती तिच्या कागदांत निघाली.

सतीशला मी हे सगळं त्याच्या निवृत्तीनंतर सांगितलं. त्याने मला डॉक्टरकडे नेलं नाही. एक दिवस गाडी काढून कबरीवर घेऊन गेला.

मी आता त्याच्याकडे वॉटफर्डला असते. वय सत्त्याऐंशी. पुण्याहून कॅलेंडर अजून येतं, पण संकष्टीला मी बाहेर जाऊन मान वर करते आणि मगच जेवते.